घट्टपंथीयांच्या विरोधात

‘घट्ट’ या शब्दाशी माझं पूर्वी काही वाकडं नव्हतं. दही घट्ट असावं, पिठलं घट्ट असावं आणि बँकेच्या तिजोरीचं दार तर घट्ट असावंच असावं, या मताचा मी होतो; अजूनही आहे. पण २०२२ सालच्या ऑगस्टात तुळजापूरच्या घाटात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जेमतेम चार तास झालेली माझी आई जीपच्या मागच्या चाकाला दगड लावण्यासाठी वाकलेली मी आरशात पाहिली आणि त्या दिवसापासून या शब्दाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. हा लेख म्हणजे ती भूमिका. तिच्यात थोडी यंत्रविद्या येईल. बी.कॉम. झालेल्या माणसानं यंत्रविद्येवर लिहू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की बी.ई. झालेली माणसं देशाच्या अर्थव्यवस्थेवर रोज बोलतात आणि आम्ही निमूटपणे ऐकून घेतो.

जीप वडिलांची. १९८६ साली एका सरकारी लिलावात त्यांनी ती घेतली, तेव्हा मी इतका लहान होतो की बोली लावणाऱ्या माणसांना मी भांडणारी माणसं समजलो होतो. उंच बॉनेटची, जुन्या विलीसच्या घराण्यातली. मूळचं पेट्रोल इंजिन काढून पुढं तिला डिझेल इंजिन बसवलं. बाकी सगळं जुनंच. या जीपचं कूळ थोर आहे. १९४५ साली लुधियानात महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. इकडं कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन तिथं दुसरा महिंद्र आला आणि ते दशक संपता संपता मुंबईत माझगावला विलीस जीपची जोडणी सुरू झाली. यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट अशी की हे गुलाम मोहम्मद मूळचे हिशेबखात्यातले, आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या अर्थखात्याचंही काम त्यांनी पाहिलेलं. आमचा धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात. म्हणजे जीपच्या जन्मपत्रिकेत एक कारकून आहे आणि तो आमच्या बाजूचा आहे. हे मी आमच्या साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरं, आता पासबुकं भरा.”

जीप लागते ती आईसाठी. वडील गेल्यापासून आई बालाघाटाच्या पायथ्याशी शेतातल्या वस्तीवरच राहते. “गावात ये” म्हटलं की ती म्हणते, “तुमच्या गावात माणसं लई.” फाट्यापर्यंत एसटी जाते, तिथून साडेतीन किलोमीटर काळ्या रानातून वाट. काळी माती ज्यांनी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिली आहे, त्यांना सांगतो की ती पावसात माती राहत नाही. पायाला धरली की सोडत नाही. पन्नास पावलांवर प्रत्येक चपलेचं वजन दोन किलो होतं आणि शंभराव्या पावलाला चप्पल मागं राहून माणूस पुढं जातो. मोटारसायकलचं चाक मडगार्डमध्ये माती भरून फिरायचं थांबतं. जून ते ऑक्टोबर त्या वाटेनं जायचं तर चारही चाकांना ताकद असलेलं वाहन पाहिजे, नाहीतर बैल पाहिजेत. बैल आम्ही विकले.

चारही चाकांना ही ताकद वाटून देणारा जो अवयव, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. गिअरबॉक्सच्या पाठीमागं लावलेला बिडाचा एक डबा. इंजिनाकडून आलेला जोर तो पुढच्या आणि मागच्या चाकांकडं पाठवतो आणि छोटा गिअर टाकला की तोच जोर सुमारे अडीच पट करून देतो. बँकेच्या भाषेत हे क्लिअरिंग खातं आहे: स्वतः काही कमवायचं नाही, दुसऱ्याचं दुसऱ्याला पोचवायचं, आणि चूक झाली तर बोलणी मात्र खायची. आमच्या जीपच्या डब्याचं नाव स्पायसर मॉडेल १८. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये हाच होता.

या डब्यात खालच्या बाजूला जो शाफ्ट बाहेर पडतो, तो दोन टेपर बेअरिंगांवर फिरतो. टेपर बेअरिंग म्हणजे आतले रोळ सरळ नसून शंकूसारखे निमुळते. आतला कोन आणि बाहेरचा कप. एकात एक बसवलेल्या दोन वाट्या कल्पा आणि मधल्या फटीत रोळ. ही युक्ती १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन नावाच्या माणसानं पेटंट केली. तो घोडागाड्या बांधणारा होता. या बेअरिंगाचा गुण असा की ते वरून येणारा भार झेलतं आणि बाजूनं येणारा रेटाही झेलतं. आणि त्याची अडचण अशी की ते नुसतं ठोकून बसवलं की काम झालं, असं नसतं. वाटीत वाटी किती खोल बसवायची, हे माणसाला ठरवावं लागतं. शाफ्टच्या मागच्या टोकाला जे झाकण असतं, त्या झाकणाच्या आणि डब्याच्या मध्ये पातळ पातळ पत्त्या घालून ते ठरवतात. त्यांना शिम म्हणतात. पत्ती वाढवली की झाकण बाहेर सरकतं आणि शाफ्टला मोकळीक मिळते. पत्ती काढली की मोकळीक जाते. अजून काढली की रोळ दोन वाट्यांत चेपले जातात. या चेपण्याला प्रीलोड असं भारदस्त नाव आहे.

आणि इथंच माझे साडू येतात.

साडू स्वभावानं अत्यंत प्रेमळ. पण घट्टपंथीयांचे आमच्या घराण्यातले ते आद्य प्रवर्तक आहेत. त्यांच्या घरातला नळ बंद करायला दोन माणसं लागतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं की ते लोणचं पुढच्या पिढीसाठी राहतं. पोराच्या सायकलची चेन त्यांनी एकदा ‘व्यवस्थित’ करून दिली. त्यानंतर ते पोर शाळेत चालत जाऊ लागलं. २०२२ च्या जुलैत जीपच्या पोटातून घूं घूं आवाज यायला लागला, तेव्हा ते जमिनीवर उताणे झोपले, शाफ्ट धरून हलवला आणि आतूनच ओरडले, “पाव्हणं, प्ले आहे! ढिला झालाय! टाईट करून घ्या!”

आमचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, तेव्हा मुलीकडं गेले होते. मग साडूंच्या ओळखीनं सोलापुरातल्या एका मोठ्या गॅरेजात जीप टाकली. आईच्या ऑपरेशनची तारीखही तिथलीच होती. म्हटलं, आईचा डोळा आणि जीपचा डबा, दोन्ही एकाच दिवशी घेऊन येऊ. गॅरेजचं नाव मी सांगत नाही. जीप हवाली करताना तिथल्या माणसानं एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात ठेवली. आत पाच-सहा गोल पत्त्या, तेलकट.

“हे जास्तीचं निघालं साहेब. कुणीतरी उगाच पॅकिंगं भरली होती आत. आता बघा, कसं फिट्ट बसलंय!”

खरं म्हणजे मी तिथंच खाली बसायला पाहिजे होतं. बावीस वर्षं कॅश आणि खाती सांभाळलेला माणूस मी. संध्याकाळी कॅश मोजताना पैसे कमी भरले तर आम्हाला वाईट वाटतं. जास्तीचे निघाले तर घाम फुटतो. जास्तीचं म्हणजे कुणाचं तरी आपल्याकडं राहिलेलं. जगातल्या कुठल्याही टेबलावर ‘जास्तीचं निघालं’ हे वाक्य ऐकल्यावर कारकुनाच्या काळजाचा ठोका चुकला पाहिजे. माझा चुकला नाही. उलट मी ती पिशवी डॅशबोर्डमध्ये ठेवली आणि पाचशेची नोट वर दिली. गॅरेजातून जीप बाहेर ढकलायला दोन पोरं लागायची तिथं चार लागली. फोनवर साडूंना हे सांगितलं तर ते कृतकृत्य झाले. “बघा! कशी घट्ट झाली!”

तामलवाडी जाईपर्यंत आवाज गोड होता. मग त्याला एक बारीक शिट्टीसारखा सूर आला. घाट सुरू झाला तसा तो सूर वर चढत गेला. पायाखालचा पत्रा तापला. जळक्या तेलाचा वास आला. आई म्हणाली, “कुणाचं तरी दूध लागलंय बघ.” दुसऱ्या वळणावर आतून खडाखड वाजायला लागलं, तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन हँडब्रेक ओढला. आणि गाडी हळूहळू मागं निघाली.

इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या पाठीमागं, त्याच शाफ्टच्या टोकाला, एका ड्रमवर असतो. म्हणजे ज्या झाकणातल्या पत्त्या माझ्या डॅशबोर्डमध्ये होत्या, त्याच झाकणाला धरून आमचा हँडब्रेक. बेअरिंग तापलं, तापल्यानं ऑईल सील गेलं, सीलमधून तेल ड्रममध्ये उतरलं आणि ब्रेकच्या पट्ट्या तेलात न्हाल्या. मी पायातला ब्रेक दाबून बसलो. गिअरमध्ये टाकून सोडावी तर डब्यातून जे आवाज येत होते, त्यावरून ते दात एकमेकांना धरून ठेवतील असा माझा भरवसा उरला नव्हता. मागं वळण, वळणामागं दरी. मी नुसतं “आई…” एवढंच म्हणालो. तेवढ्यात मागचं फळकं वाजलं. डॉक्टरांनी सकाळी बजावून सांगितलं होतं: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्यावर ताण नाही. आरशात मला एक पांढरी पट्टी खाली जाताना दिसली आणि धोंडा घासत आल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “लावली उटी. सोड आता पाय.”

तो पाय सोडायला मला किती वेळ लागला हे मी सांगणार नाही.

पाऊण तासानं दुधाचा एक टेम्पो थांबला. त्या पोरानं दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडले, दोर बांधला आणि आम्हाला तुळजापुरात ओढून नेलं. पैसे घेतले नाहीत. आईनं त्याला आशीर्वाद दिला आणि मला विचारलं, “तुझ्या साडूला कुणी सांगितलं व्हतं?”

आता मूळ मुद्दा. घट्टपंथीयांचे चार युक्तिवाद आहेत. गेल्या काही वर्षांत ते मी लग्नात, पारावर, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीत ऐकले आहेत.

पहिला: ‘नवं बेअरिंग आहे, टाईट राहणारच, चालता चालता सुटेल.’ अहो, ती काय कोल्हापुरी चप्पल आहे? कातडं सैलावतं. बेअरिंगाचं पोलाद कडक पाणी दिलेलं असतं. ते सैलावत नाही. चेपलेल्या रोळांमधून आधी तेलाचा थर पिळून निघतो, मग पोलादावर पोलाद घासतं, ते तापतं, निळं पडतं आणि मग त्याचे पापुद्रे सुटतात. ‘सुटेल’ म्हणतात ते एवढ्याच अर्थानं खरं आहे.

दुसरा युक्तिवाद जरा शिकलेल्या लोकांचा: ‘डिफरन्शियलच्या पिनियनला प्रीलोड देतातच ना? मग इथं का नको?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. प्रीलोड म्हणजे खात्यातली किमान शिल्लक. व्यवहार सुरू होण्याआधीच बसवून ठेवलेला भार. पिनियनच्या खात्याला ती लागते. क्राऊनच्या दातांशी पिनियन ठरलेल्या जागेवरून केसभरही सरकू नये म्हणून ते बेअरिंग आधीच दाबून ठेवतात. तरी तो दाब ‘घट्ट’ नसतो, मोजलेला असतो: दोरी गुंडाळून ताणकाट्यानं ओढायचं आणि फिरायला किती जोर लागतो तो आकडा पुस्तकाशी ताडायचा. लँड रोव्हरच्या काही ट्रान्सफर केसमध्येही असा मोजून दिलेला प्रीलोड असतो. पण तो डबा अॅल्युमिनियमचा. अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणजे डबा पसरून आतली पकड आपोआप ढिली होते, म्हणून थंडपणी थोडी जास्त पकड चालते. आमचा डबा बिडाचा. बीड आणि पोलाद सारख्याच हिशेबानं पसरतात, पण आतला शाफ्ट जास्त तापतो आणि बाहेरच्या डब्याला वारा लागतो. समजा, बेअरिंगांमधला दीडशे मिलिमीटर शाफ्ट डब्यापेक्षा ५० अंशांनी जास्त तापला, तर तो सुमारे ०.०९ मिलिमीटर जास्त लांबतो. इंचाच्या हजाराव्या भागाला कारागीर थाऊ म्हणतात. त्या मापात साडेतीन थाऊ. ही लांबी जाणार कुठं? मोकळीक ठेवली असेल तर मोकळिकीत जाईल, नसेल तर बेअरिंगाच्या उरावर बसेल. म्हणून विलीसचं सर्व्हिस मॅन्युअल या शाफ्टला प्रीलोड सांगतच नाही. ते उलट मोकळीक सांगतं: चार ते आठ थाऊ. काही खाती किमान शिल्लक मागतात, जनधन खातं शून्यावर चालतं. आमचा हा शाफ्ट ओव्हरड्राफ्टवर चालणारा आहे. त्याला आधी द्यावं लागतं.

चार ते आठ थाऊ म्हणजे किती? मी आमच्याच टेबलावर हिशेब केला. शंभर कोऱ्या नोटांचं पाकीट जाडीला साधारण एक सेंटिमीटर भरतं. म्हणजे एक नोट ०.१ मिलिमीटर, चार थाऊच्या आसपास. एका नोटेपेक्षा कमी नको आणि दोन नोटांपेक्षा जास्त नको. आयुष्यभर मी ज्या वस्तू मोजल्या, त्यांचीच जाडी! माझ्या आईचा जीव त्या घाटात दीड नोटेवर अडकला होता. आणि मी वर पाचशेची नोट दिली होती.

तिसरा युक्तिवाद: ‘गेज-बिज कशाला, जुन्या मिस्त्रीला हातानं कळतं.’ इथं मी थोडा हळवा होतो, कारण चाचांच्या हाताबद्दल मला आदर आहे. त्याबद्दल पुढं सांगतो. पण हाताला ‘आहे’ आणि ‘नाही’ कळतं; चार आणि नऊ यांतला फरक हाताला कळतो असं म्हणणारा माणूस एकतर संत आहे नाहीतर सोलापुरातल्या त्या गॅरेजात आहे.

चौथा मात्र मला सहनच होत नाही: ‘एवढ्या जुन्या गाडीचं काय एवढं घेऊन बसलात?’ ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा याच जुन्या गाडीनं वडिलांनी सास्तूरच्या बाजूला आठ दिवस पाण्याचे पिंप आणि भाकरीची गाठोडी नेली. तेव्हाही ती जुनीच होती. तेव्हा कुणी विचारलं नाही.

चाचा परत आले. बार्शी नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं शेड आहे. त्यांनी डबा उघडला, निळे पडलेले रोळ तळहातावर घेतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सायेब, पत्त्या कुठं हायेत?” मी डॅशबोर्डातली पिशवी पुढं केली. चाचांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी नजर आमचा ऑडिटर सही नसलेल्या व्हाऊचरकडं टाकतो.

बेअरिंगं नवी आली. शेजारी आयटीआयमध्ये शिकवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडून डायल गेज आणि लोहचुंबकाचा स्टँड मागून आणला. रविवारी, पाऊस लागलेला, चाचा, चाचांचा नातू, मी आणि माझी वही. मी वहीत रीतसर जमा-नावे अशी दोन खणं आखली होती. पिशवीतल्या सगळ्या पत्त्या घालून झाकण आवळलं, शाफ्टच्या दोन्ही टोकांना लाकडी हातोड्यानं एकेक टोला दिला म्हणजे कप आपापल्या जागी बसतात, गेजचा काटा शाफ्टला लावला आणि शाफ्ट पुढं-मागं ढकलला. सतरा थाऊ. जास्त. इतकी मोकळीक राहिली तर शाफ्ट नाचतो, सील फाडतो, ड्रम डुगडुगतो. ढिलेपंथीयांनीही फार खूश होऊ नये. दहा थाऊची एक पत्ती काढली. मी वहीत लिहिलं: सतरा वजा दहा, बाकी सात. पुन्हा झाकण आवळलं, टोले दिले, ढकललं.

नऊ.

“बस्स,” चाचा म्हणाले. “एक थाऊनं काय व्हतंय?”

एक थाऊ जास्तीचा, हे खरं. पण माझा फरक दोनाचा होता. सतरातून दहा गेले की सात राहतात, नऊ राहत नाहीत. हे मला बारावीपासून माहीत आहे. आमच्या बँकेत दहा पैशांच्या फरकासाठी मी रात्री साडेनऊपर्यंत बसलो आहे. असा फरक सापडला नाही की तो सस्पेन्स खात्यात टाकतात. पण चाचांच्या शेडमध्ये सस्पेन्स खातं नव्हतं आणि घाटातला सस्पेन्स मी एकदा पाहिला होता. म्हटलं, “चाचा, उघडू या.”

“पुन्हा?”

“पुन्हा.”

नातवानं आभाळाकडं पाहिलं. झाकण उघडलं. मी चष्मा पुसून, टॉर्च लावून, मॅन्युअलचं पान काढून फरक शोधू लागलो. चाचांनी चष्मा नसताना फक्त अंगठ्याचं नख त्या बिडाच्या कडेवरून गोल फिरवलं आणि एका बोल्टाच्या भोकाशी थांबले. तिथं गॅरेजातल्या जुन्या शेलॅकची एक खपली निघून पत्तीखाली अडकली होती. नखानं काढून त्यांनी ती माझ्या वहीवर ठेवली, दोनच्या आकड्यावर. हातानं कळतं म्हणतात, त्यातलं एवढं मी मान्य करतो.

पुसून, आवळून, ठोकून पुन्हा मोजलं. सात. मी सही केली. चाचांनी पण केली, म्हणाले, “आमाला कुनी सही मागत नाय कधी.”

मग त्यांनी ड्रमवर तळवा ठेवून शाफ्ट फिरवला. तो फिरला, हळूहळू थांबला. ना जड, ना सैल. घाटातली ती शिट्टी गेली होती.

आईला डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी हे सगळं समजावून सांगितलं: बीड, पोलाद, पन्नास अंश, साडेतीन थाऊ. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे जात्याच्या खुंट्यावर चिंधी ठेवायची राहिली.” डाळ भरडायची असली की खुंट्यावर चिंधी ठेवून वरची तळी किंचित उचलतात, नाहीतर दगडावर दगड घासून डाळीत कच येते. साठ वर्षं ती हे करत आली आहे. सोलापूरला जाण्याआधी मी तिलाच विचारायला पाहिजे होतं.

साडूंनी अजून पक्ष बदललेला नाही. परवा भेटले तेव्हा पहिला प्रश्न: “पाव्हणं, मग बसवलं का टाईट एकदाचं?” मी म्हटलं, “सात थाऊ ढिलं ठेवलंय.” ते इतक्या दयेनं हसले की मी विषय पावसाकडं नेला.

त्या काढलेल्या दहा थाऊच्या पत्तीचं तेवढं सांगायचं राहिलं. ती माझ्या बँकेतल्या ड्रॉवरमध्ये, स्टॅम्प पॅडच्या शेजारी असते. मध्यंतरी तपासणीला आलेल्या साहेबांनी ती उचलून विचारलं, “हे काय?” म्हटलं, “जास्तीचं निघालंय, साहेब.” त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. कारकुनीतून वर आलेला माणूस दिसला.

ऑक्टोबरात आईला वस्तीवर सोडायला गेलो. वाट ओलीच होती. चारी चाकं लावून, छोट्या गिअरमध्ये, काळ्या रानातून जीप घसरत-चढत ओढ्यापर्यंत गेली. ओढ्यापलीकडं चढावर तिचं गाठोडं उतरवायला थांबलो. हँडब्रेक ओढला. जीप जागची हलली नाही. मी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून तिला दाखवले, तर ती खाली उतरून, दोन्ही डोळ्यांनी नीट बघून, चांगलासा धोंडा निवडत होती.

“आई, अगं आता लागत नाही उटी.”

“आसू दे,” ती म्हणाली आणि धोंडा चाकाला लावला. पण चाकाला चिकटवून नाही, मधी बोटभर जागा सोडून.